नाव क्वेकरांचं, खेळ दुसऱ्यांचा

२५ डिसेंबर १९३०, नाताळचा दिवस. बोस्टनमध्ये आइस हॉकीचा सामना चालू होता आणि तो केव्हाच एकतर्फी झाला होता. यजमान ब्रुइन्सनी आठ गोल केले, पाहुण्यांना एकही करता आला नाही. मग काठ्या बाजूला पडल्या आणि हाणामारी सुरू झाली. ती इतकी पेटली की ती सोडवायला बोस्टनच्या पोलिसांना बर्फावर उतरावं लागलं. या मारामारीतल्या पाहुण्या संघाचं नाव होतं ‘फिलाडेल्फिया क्वेकर्स’.

आपल्याकडे ‘क्वेकर’ हा शब्द पोहोचला तो ओट्सच्या डब्यावरून. रुंद काठाची टोपी घातलेला, गालात हसणारा तो म्हातारा आता तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानातही दिसतो. त्या कंपनीचाही पंथाशी काही संबंध नाही. ओहायोतल्या एका गिरणीने १८७७ साली हे चिन्ह नोंदवलं, कारण क्वेकर म्हटलं की सचोटी आणि चोख माल असा ग्राहकांचा समज होता. खरे क्वेकर म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सने उभा केलेला पंथ. त्यांच्यात पाद्री नाही, प्रार्थना बहुतेक मौनातच, शपथ घ्यायची नाही, राजासमोरही टोपी काढायची नाही आणि शस्त्र उचलायचं नाही. क्वेकर हे नावसुद्धा विरोधकांनी टिंगलीत दिलेलं, ते स्वतःला ‘मित्र’ म्हणवतात. १९४७ सालचं शांततेचं नोबेल त्यांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन सेवासंस्थांना मिळालं. गांधीजींच्या नई तालीमचं काम करायला सेवाग्रामला येऊन राहिलेल्या मार्जरी साइक्स याच पंथाच्या. सुरुवातीचे क्वेकर तर नाताळही पाळत नसत, त्यांना सगळे दिवस देवाचेच आणि सारखे. तेव्हा ऐन नाताळात पोलिसांनी सोडवलेले ते क्वेकर्स म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

तो संघ एकटा नव्हता. १८८३ ते १९३१ या काळात फिलाडेल्फियात बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि आइस हॉकी या तिन्ही खेळांत या नावाचे व्यावसायिक संघ होऊन गेले. पंथाने त्यातला एकही काढला नव्हता. आपल्याकडे त्याच सुमारास मुंबईत चौरंगी, पुढे पंचरंगी क्रिकेट सामने गाजत होते, आणि तिथे पारशी संघात पारशीच खेळायचा, हिंदू संघात हिंदूच. त्या पद्धतीचे दोष आपण जाणतो, १९४६ नंतर ते सामने बंद पडले हे बरंच झालं. पण निदान पाटी आणि आतला माल यांचा मेळ होता. फिलाडेल्फियात सगळ्या शहराने मिळून एका पंथाची पाटी उचलली आणि तिच्याखाली हवं ते विकलं.

शहर मात्र त्यांनीच वसवलेलं, यात शंका नाही. १६८१ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने विल्यम पेन या क्वेकर तरुणाला अमेरिकेतली मोठी जमीन सनदेने दिली. पुढच्याच वर्षी पेनने फिलाडेल्फियाची आखणी केली आणि वसाहतीचा पहिला मोठा कायदाही झाला. कुठल्याही पंथाच्या माणसाला आपला देव आपल्या पद्धतीने भजायची मुभा त्या कायद्याने दिली. त्या काळात ही सामान्य गोष्ट नव्हती. त्याच कायद्यात पत्ते, फासे, नाटकं, कोंबड्यांच्या झुंजी आणि बैलांवर कुत्रे सोडण्याचे खेळ करणाऱ्यांना शिक्षाही सांगितली होती. करमणूक आणि पैज हातात हात घालून येतात असा क्वेकरांचा अनुभव, आणि तो काही चुकीचा नव्हता.

गंमत अशी की त्यांचा शहरावरचा ताबा फार टिकला नाही. मुभा सगळ्यांना होती, म्हणून सगळे आले, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच क्वेकर आपल्याच गावात अल्पसंख्य झाले. १७५६ साली वसाहतीने मूळ रहिवाशांविरुद्ध युद्ध पुकारलं तेव्हा अनेक क्वेकर सभासद विधिमंडळ सोडून गेले. सत्ता गेली तरी गावाला त्यांचं नाव चिकटलं ते चिकटलंच. १८८० च्या दशकात वार्ताहराला मथळ्यात ‘फिलाडेल्फियाचा संघ’ एवढं लांबण लावायला जागा नसे, तो ‘क्वेकर्स’ लिहून मोकळा व्हायचा. संघांची अधिकृत नावं ठरवण्याची पद्धत तेव्हा रुळलेलीच नव्हती.

१८८२ च्या अखेरीस बेसबॉलच्या नॅशनल लीगने वूस्टर आणि ट्रॉय ही लहान गावं वगळून फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क ही मोठी शहरं घेतली. फिलाडेल्फियाचा क्लब काढला अल रीच आणि जॉन रॉजर्स यांनी. रॉजर्स वकील. रीच लंडनमध्ये जन्मलेला. खेळायचे पैसे उघडपणे घेणाऱ्या अगदी पहिल्या बेसबॉलपटूंपैकी तो एक, आणि पुढे खेळाच्या साहित्याचा मोठा व्यापारी झाला. १ मे १८८३ ला या क्वेकर्सनी पहिला सामना खेळला आणि प्रॉव्हिडन्सविरुद्ध ४–३ असा गमावला. सुरुवात वाईट म्हणता येणार नाही. पण ते अख्खं वर्ष पाहावत नाही: १७ विजय, ८१ पराभव. ऑगस्टमध्ये त्याच प्रॉव्हिडन्सने त्यांना २८–० असं धुतलं. अमेरिकेच्या प्रमुख लीगमध्ये प्रतिस्पर्ध्याला शून्यावर ठेवून मिळवलेला इतका मोठा विजय त्यानंतर कुणालाही साधलेला नाही.

या वाताहतीत मला अडवून धरतो तो जॉन कोलमन हा वीस वर्षांचा पिचर. त्या वर्षी तो ६५ सामन्यांत चेंडू टाकायला उभा राहिला. अंतर ५० फूट, आजच्यापेक्षा दहा फुटांहून अधिक कमी. हात खांद्याच्या वर न्यायची परवानगी नाही. समोरचा फलंदाज आधीच सांगू शकायचा की मला चेंडू उंच हवा की खाली, आणि पिचरने तो तसाच द्यायचा. मागे क्षेत्ररक्षक बहुतेक उघड्या हातांनी उभे, त्यामुळे कितीतरी चेंडू त्यांच्या बोटांतून निसटायचे. कोलमनने ५३८ डाव चेंडू टाकला, ७७२ फटके खाल्ले, ५१० धावा दिल्या, १२ सामने जिंकले आणि ४८ हरला. एका हंगामातल्या पराभवांचा हा उच्चांक आजही त्याच्याच नावावर आहे आणि राहील, कारण आता एका पिचरला कुणी इतके सामने खेळवणारच नाही. दुसरा चांगला पिचर नव्हता म्हणून रोज त्यालाच पुढे करायचे. पोरगा करतो काय?

त्यातून गावातलाच दुसरा संघ, अ‍ॅथलेटिक्स, अमेरिकन असोसिएशन या प्रतिस्पर्धी लीगमध्ये त्याच वर्षी विजेता ठरला. त्याचं तिकीट २५ सेंट, नॅशनल लीगचं ५०. हरणारा संघ दुप्पट पैसे मोजून कोण बघणार? अखेर लीगने फिलाडेल्फियापुरती सूट दिली आणि क्वेकर्सही २५ सेंटवर आले.

संघ सावरला तो हॅरी राइटमुळे. शेफिल्डमध्ये जन्मलेला, व्यावसायिक क्रिकेटपटूचा मुलगा, स्वतःही आधी न्यूयॉर्कमध्ये क्रिकेट खेळून पोट भरणारा. सिनसिनाटीच्या १८६९ सालच्या संघाला, म्हणजे अमेरिकेतल्या पहिल्या उघड व्यावसायिक बेसबॉल संघाला आकार देणारा माणूस हाच. तो १८८४ मध्ये फिलाडेल्फियात आला आणि चार वर्षांत क्वेकर्स दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. चार्ली फर्ग्युसन हा त्याचा हिरा. चेंडू टाकायचा, फलंदाजी करायचा, लागेल तिथे उभा राहायचा. ऑगस्ट १८८५ मध्ये त्याने समोरच्या संघाला एकही फटका मिळू न देता सामना जिंकला. एप्रिल १८८८ मध्ये, हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, विषमज्वराने तो गेला. वय २५.

मग नावाची पळवापळवी झाली. एकदा करार केला की खेळाडू कायमचा मालकाचा, अशी अट बेसबॉलमध्ये होती. तिला कंटाळून खेळाडूंच्या संघटनेने १८९० मध्ये स्वतःचीच लीग उभारली. तिच्यातल्या फिलाडेल्फियाच्या संघानेही ‘क्वेकर्स’ हेच नाव घेतलं. त्यामागचं भांडवल मांसाचा घाऊक व्यापार करणाऱ्या वॅग्नर बंधूंचं. ६८ विजय, ६३ पराभव, पाचवा क्रमांक. ती लीग वर्षभरात बुडाली आणि संघ अ‍ॅथलेटिक्सचं नाव लावून दुसरीकडे गेला. जुन्या संघाला तोवर लोक ‘फिलीज’ म्हणू लागले होते, आजही तो त्याच नावाने खेळतो.

तरी वर्तमानपत्रांतून ‘क्वेकर्स’ अधूनमधून डोकावतच राहिलं. १९०९ च्या अखेरीस फिलीजची सूत्रं होरेस फोगेल या माजी क्रीडा वार्ताहराकडे आली आणि त्याला दोन्ही नावांचा तिटकारा. फिलीज गुळमुळीत, आणि क्वेकर म्हणजे भांडण टाळणारी शांत माणसं. आम्हाला तर भांडायचंय, असा त्याचा युक्तिवाद. त्याने ‘लाइव्ह वायर्स’ असं नाव काढलं. म्हणजे विजेच्या जिवंत तारा. ते कुणीही उचललं नाही. भांडायची हौस मात्र पुरती फिटली: स्पर्धा प्रामाणिक नाही असे आरोप केल्याबद्दल १९१२ मध्ये लीगने त्याला कायमचं हाकललं. नावातला विरोधाभास उघड बोलून दाखवणारा मालक मला हा एकटाच सापडला, म्हणून त्याच्याबद्दल थोडी आपुलकीही वाटते.

क्वेकरांच्या जुन्या शिस्तीचा खरा फटका खेळाला बसला तो रविवारी. पेनसिल्व्हेनियाचा १७९४ चा कायदा रविवारी कामधंदा आणि खेळ दोन्ही बंद करायचा, मोडल्यास चार डॉलर दंड. हा कायदा एकट्या क्वेकरांचा नव्हता, इतर प्रोटेस्टंट पंथही त्यामागे तितकेच होते. पण शहराच्या स्वभावात तो मुरला होता. व्यावसायिक खेळाच्या दृष्टीने हे संकटच, कारण गिरणी कामगाराला सुट्टी मिळायची ती रविवारी. ऑगस्ट १९२६ मध्ये अ‍ॅथलेटिक्सनी मुद्दाम एक रविवारचा सामना खेळून पाहिला. जिंकलाही, पण पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा क्लबच्या विरोधात लावला.

त्याच १९२६ मध्ये लिओ कॉनवे या आयोजकाने ‘फिलाडेल्फिया क्वेकर्स’ नावाचा फुटबॉल संघ उतरवला. १९२१ मध्येही त्याने ‘युनियन क्वेकर्स’ चालवला होता आणि तेव्हा रविवारच्या बंदीतूनच एक सोय निघाली होती: बफेलोच्या संघातले काही खेळाडू शनिवारी फिलाडेल्फियात खेळायचे, रात्रीची गाडी पकडायचे आणि रविवारी बफेलोकडून उतरायचे. १९२६ च्या संघाची लीग वेगळी. रेड ग्रेंज हा त्या काळचा सर्वांत लोकप्रिय फुटबॉलपटू आणि त्याचा व्यवस्थापक सी. सी. पाइल यांनी एनएफएल या जुन्या फुटबॉल लीगशी भांडून ती काढली होती. क्वेकर्सचं मैदान म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या दीडशे वर्षांनिमित्त बांधलेलं भलंमोठं स्टेडियम. त्या सप्टेंबरात तिथेच डेम्प्सी आणि टनी यांची मुष्टियुद्धाची लढत पावसात भिजत लाखाहून अधिक लोकांनी पाहिली होती. क्वेकर्सनी आठ सामने जिंकले, दोन हरले आणि ते लीगचे विजेते झाले. या नावाच्या संघांच्या नशिबी आलेलं हे एवढंच अजिंक्यपद.

त्यावर समाधान मानायला हवं होतं. पण एनएफएलचा विजेता, फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स, त्याच शहराच्या एका उपनगरातला. त्यांना आव्हान दिलं, त्यांनी नाकारलं. मग एनएफएलमध्ये सातव्या आलेल्या न्यूयॉर्क जायंट्सशी सामना ठरला. १२ डिसेंबर, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, बर्फ पडतंय, प्रेक्षक जेमतेम पाच हजार. निकाल: जायंट्स ३१, क्वेकर्स ०. नव्या लीगची अब्रू त्या दुपारी गेली आणि ती लीगही तिथेच संपली.

आता पुन्हा हॉकीकडे, कारण या सगळ्यात तीच गोष्ट सर्वांत वेधक. तो संघ मुळात पिट्सबर्गचा, नाव ‘पायरेट्स’. मैदान जुनं, कारखान्यांना मंदीने घेरलेलं, गल्ला रिकामा, कर्जाचा डोंगर. ऑक्टोबर १९३० मध्ये त्याने तीनशे मैलांवरच्या फिलाडेल्फियात बस्तान हलवलं आणि जाता जाता चाच्यांचे शांतिदूत झाले. कागदावर मालक बेनी लेनर्ड. न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्तीतला मुलगा, १९१७ ते १९२५ लाइटवेट गटाचा जगज्जेता, मुष्टियुद्धाच्या इतिहासातल्या थोरांपैकी एक. आईच्या आग्रहाखातर त्याने हातमोजे खुंटीला टांगले होते. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत त्याची कमाई वाहून गेली. लेनर्डच्या आड उभा होता ‘बिग बिल’ ड्वायर, दारूबंदीच्या काळातला न्यूयॉर्कचा बडा दारूतस्कर, तुरुंगात जाऊन आलेला. न्यूयॉर्कचा एक हॉकी संघ आधीच त्याच्या मालकीचा होता, म्हणून दुसऱ्यासाठी मुखवटा हवा होता.

म्हणजे पहा: दारूपासून चार हात लांब राहायला सांगणाऱ्या पंथाचं नाव, संघामागे पैसा दारूतस्कराचा, आणि पुढे चेहरा मुष्टियोद्ध्याचा. त्या वेळी व्हाइट हाउसमध्ये हर्बर्ट हूवर होते, आणि ते जन्माने खरेखुरे क्वेकर. मंदीने गांजलेल्या लोकांचा त्यांच्यावर इतका रोष होता की ऑक्टोबर १९३१ मध्ये ते फिलाडेल्फियात बेसबॉलचा अंतिम फेरीतला सामना पाहायला आले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि बिअर पाहिजे म्हणून ओरडा केला. त्याच वर्षी कोळसाखाणींच्या भागातल्या उपाशी मुलांना जेवू घालायचं काम हूवर यांच्याच विनंतीवरून फिलाडेल्फियातली क्वेकर सेवासंस्था करत होती. गावातले खरे क्वेकर त्या काळात काय करत होते, याचं उत्तर बर्फावर शोधून सापडणार नाही.

बर्फावरचे क्वेकर्स हरत होते. प्रशिक्षक कूपर स्मीटन हा माँट्रियलचा नामांकित पंच, एका वर्षासाठी शिट्टी सोडून आलेला. पहिला सामना न्यूयॉर्क रेंजर्सकडून ३–०. नोव्हेंबरच्या अखेरीस टोरांटोला २–१ हरवलं, मग सलग १५ पराभव. गोलरक्षक विल्फ क्यूड पक अडवायचा तो उघड्या तोंडाने, मुखवटा घालायची पद्धत यायला अजून तीस वर्षं होती. हंगामाचा हिशेब: ४४ सामने, ४ विजय, ३६ पराभव, ४ बरोबरी. केलेले गोल ७६, खाल्लेले १८४. मंदीच्या दिवसांत पैसे देऊन हे पाहायला कोण येणार? त्याच मैदानात ‘अ‍ॅरोज’ हा खालच्या लीगचा संघही खेळायचा, म्हणजे हॉकीची हौस भागवायला स्वस्त पर्याय हाताशी होताच.

हंगाम संपल्यावर संघ एक वर्षासाठी स्थगित करत असल्याचं जाहीर झालं. मग आणखी एक वर्ष. १९३६ मध्ये परवाना कायमचा रद्द झाला. लेनर्डची उरलीसुरली पुंजीही गेली आणि सहा वर्षं बंद केलेला धंदा त्याला १९३१ च्या शरदात पुन्हा धरावा लागला. वय ३५, पोट सुटलेलं, डोक्यावरचे केस विरळ. पुढच्या ऑक्टोबरात जिमी मॅकलार्निनने त्याला सहाव्या फेरीत संपवलं. नंतर तो पंच झाला आणि एप्रिल १९४७ मध्ये रिंगमध्ये पंचगिरी करतानाच कोसळून गेला. स्मीटन पुन्हा शिट्टी घेऊन उभा राहिला, लीगचा मुख्य पंच झाला. त्या संघात ओटावाकडून उसना आलेला एकोणीस वर्षांचा सिड हाउ पुढे डेट्रॉइटकडून तीनदा स्टॅनले कप, म्हणजे हॉकी लीगचं अजिंक्यपद, जिंकला आणि एका सामन्यात सहा गोल करून गेला. सगळ्यांचं काही ना काही झालं, बुडाला तो फक्त क्वेकर्स.

सर्वांत वाईट हंगामाचा त्यांचा विक्रम ४४ वर्षं टिकला. १९७४–७५ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सनी ८० पैकी ६७ सामने गमावून तो मोडला. त्याच हंगामात फिलाडेल्फियाच्या फ्लायर्सनी लागोपाठ दुसऱ्यांदा स्टॅनले कप उचलला, आणि तो संघ प्रसिद्ध कशासाठी, तर मारामारीसाठी. १९०९ मधला फोगेल हे पाहायला हवा होता.

क्वेकर्स नावाचे संघ संपले तरी फिलाडेल्फियाच्या खेळाने त्या पंथाला सोडलं नाही. नगर सभागृहाच्या शिखरावर विल्यम पेनचा ३७ फुटी पुतळा आहे, अलेक्झांडर मिल्न कॅल्डरने घडवलेला. त्याच्या टोपीपेक्षा उंच इमारत बांधायची नाही असा अलिखित संकेत होता, तो १९८७ मध्ये मोडला. त्यानंतर वर्षानुवर्षं शहराचा एकही संघ अजिंक्यपद मिळवेना, तेव्हा लोक म्हणू लागले की हा पेनचा शाप. २००७ च्या जूनमध्ये नव्या सर्वांत उंच इमारतीच्या शेवटच्या तुळईवर कामगारांनी पेनची छोटीशी मूर्ती बसवली. महिनाभरातच फिलीजचा एकूण दहा हजारावा पराभव झाला. व्यावसायिक खेळात हा आकडा गाठणारा तो पहिला क्लब, आणि त्या यादीतली पहिली नोंद १ मे १८८३ ची. पुढच्या वर्षी तेच फिलीज जगज्जेते झाले आणि शाप उतरला म्हणून शहर नाचलं. सुरुवातीचे क्वेकर आपल्या कबरींवर दगडही उभारत नसत. त्यांच्या पुढाऱ्याला गावाने नवसाला पावणारा देव करून टाकलं.

मग खरे क्वेकर कुठे खेळले? चक्क क्रिकेटमध्ये. त्यांनी १८३३ मध्ये शहराबाहेर हॅवरफर्ड कॉलेज काढलं आणि तिथल्या मुलांना बागेचं काम पाहायला आलेल्या इंग्रज माळ्याने बॅट धरायला शिकवलं. १८६४ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला क्रिकेटमध्ये हरवलं. हे विद्यापीठ बेंजामिन फ्रँकलिनचं, फ्रँकलिन क्वेकर नव्हता, आणि तरी आज विद्यापीठाच्याच संघांना ‘क्वेकर्स’ म्हणतात. हॅवरफर्डचे संघ ‘फोर्ड्स’. फिलाडेल्फियाच्या हौशी क्रिकेटपटूंनी १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियाला डावाने हरवलं, १८९९ मध्ये रणजितसिंहजी आपला संघ घेऊन तिथे खेळून आले, आणि १९०८ मध्ये बार्ट किंगने इंग्लंडमध्ये ११.०१ च्या सरासरीने ८७ बळी घेतले. तिकीट, गल्ला, करार यांच्या बाहेर वाढलेला तो खेळ पुढे बेसबॉलच्या गर्दीत मागे पडला, पण हॅवरफर्डने तो सोडला नाही.

न्यू जर्सी किंवा फिलाडेल्फियात कुणाकडे उन्हाळ्याच्या तोंडावर जाणार असाल तर पुतळा आणि स्वातंत्र्यघंटा पाहून झाल्यावर अर्धा दिवस हॅवरफर्डसाठी राखून ठेवा. तिथल्या कोप फील्डवर कॉलेजचा संघ आजही खेळतो आणि ग्रंथालयात अमेरिकन क्रिकेटचा मोठा संग्रह आहे.